बंद दुकानाची बिलं

दादांचा, माझ्या वडिलांचा, तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी मी पिंपरी पेंढारचं आमचं कृषी सेवा केंद्र उघडलं. पहिले आले गोरखकाका, दादांचे चुलतभाऊ. हवा ढगाळ होती, त्यांच्या टोमॅटोवर करपा चढत होता.

"औषध हाय का? आळेफाट्याला कुनाकडंच न्हाई."

फळीवर एकही बाटली नव्हती; होत्या त्या दादा जाण्याआधीच संपल्या होत्या. पूर्वी दादा फोन करत आणि टेम्पो येई. आता कुठे किती माल पाठवायचा ते औषध कंपनीचं सॉफ्टवेअर रोजच्या बिलांवरून ठरवतं. आम्ही सुतकात दुकान बंद ठेवलं. सॉफ्टवेअरने मानलं की इथली मागणी संपली, आणि आमच्या वाट्याचा माल दुसरीकडे वळवला.

मी कंपनीच्या सुभाषला फोन लावला.

"ताई, बंदचं कारण टाकलं का?"

"दुरुस्ती, जागा बदलली, हंगाम संपला, एवढंच विचारतंय. यातलं काय निवडू?"

"हंगाम संपला तेवढं नका टाकू, वर्षभर काही यायचं नाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मागच्या तारखांची बिलं अजून घेतंय. त्या दिवसांत थोडं थोडं विकलं असं दाखवा."

"माल नसताना?"

"शिल्लक उणे दिसली की लगेच गाडी सोडतं. सगळे असंच करतात, ताई."

दादांनी कधी खोटं बिल केलं नसेल, असं मी म्हणणार नाही. पण सुतकात आमचा गल्ला चालू होता असं लिहायला हात होईना. गोरखकाका पायरीवर बसून होते. जात नव्हते.

मी बिलं करायला घेतली. प्रत्येक बिलाला नाव आणि मोबाइल लागतो. त्या दिवसांत भेटायला कोण आलं एवढंच मला आठवत होतं, तीच नावं घातली. पिठलं-भाकरी आणणारी शीलाकाकू. आईजवळ नुसत्या बसून राहिलेल्या भागूबाई. दहाव्याला नदीवर मंडप घालणारा जानकू. दादा गेले तो दिवस तेवढा सोडला.

बिलाचा मेसेज गिऱ्हाइकाला जातो, हे मला माहीत नव्हतं.

पायरीवर गोरखकाकांचा फोन वाजला. त्यांनी तो लांब धरून वाचला.

"पोरी, दहाव्याला मी औषध नेलं म्हनं." त्यांनी टोपी काढली. डोक्यावर नुकतेच खुंट आले होते. "मग नदीवर डोकं कुनाचं भादरलं?"

मी सगळं सांगितलं.

"गाडी येनार ना पन?"

"येईल म्हणतो."

"मंग बाकीच्यांना तूच सांग बाई. आमची ही आता फोन करतीच बघ."

शीलाकाकूचा फोन आलाच. "वृषाली, मी भाकरी घेऊन आलते गं तुज्याकडं. औषध न्यायला न्हाई."

ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिला सांगितलं, मग भागूबाईंच्या सुनेला, मग आणखी कुणाला. दर वेळी सुरुवात दादा गेले तिथूनच करावी लागे.

गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर काकांच्या खालच्या सऱ्या करपून गेल्या होत्या. उरलेल्यांसाठी त्यांनी बाटल्या पिशवीत भरल्या.

"बिल?"

"तुमचं झालंय. दहाव्याच्या तारखेचं."

"बरं," ते म्हणाले आणि फवारायला गेले. माझा फोन वाजत होता, जानकूचा. मी तो घेतला.