सेमला, आज नाही

नको.

हा शब्द मी तीन वर्षं वापरला. बटाटे नको, लोणी नको, आजीने केलेले मांसाचे गोळे नको. आज तो फेकून द्यायला निघाले, तर नर्स दीसाने उचलला आणि माझ्यावरच उगारला.

"नको, स्वेया. आज नाही."

थांबा, आधीपासून.

आज ईस्टरआधीचा लांब उपास सुरू व्हायच्या आदला मंगळवार, सेमला खायचा दिवस. अख्खं गाव बेकरीसमोर रांगेत. सकाळी मी बाबाला फोनवर म्हटलं, "सेमला हवा." त्याने मला ते दोनदा म्हणायला लावलं. मग तो वॉर्डात आला, टोपीवर बर्फ, हातात खोका. आत वेलचीचा गोल पाव, बदामाचा गर, क्रीमचा ढीग, पिठीसाखर. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आपोआप.

दीसाने खोका मिटला.

"मला इथे खायला घालायलाच आणलंय ना?" मी म्हटलं.

"हो. पण हळूहळू. तुझं शरीर उपासाला सरावलंय. त्यात एकदम साखर ओतली, की ते रक्तातलं फॉस्फेट ओढून घेतं. मग हृदयाला पुरत नाही. तुझं कालपासून उतरतंय, म्हणून तर ही सलाइन. रोज रक्त काढून बघतोय; ते सावरलं की खाणं वाढवू."

"म्हणजे न खाता मरत होते, आता खाऊन मरेन."

"एकदम खाऊन."

"आणि उद्या मला नकोसं वाटलं तर?"

दीसा सलाइनचे थेंब मोजू लागली.

राग याचा. फॉस्फेट मोजतात. इच्छा कोण मोजतं? माझ्या आत एक बसलेली आहे, मला उपाशी ठेवणारी. ती खूश होती. बघ, म्हणत होती, नर्ससुद्धा आपल्याच बाजूची.

शेजारच्या खोलीतून घंटा वाजली, दीसा गेली. बाबाने खोका उघडून माझ्या मांडीवर ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं.

"मी बर्फ बघतोय. मला मागचं काही दिसत नाही."

"बाबा."

"एक खाऊन कोण मरतं, बाळा? तीन वर्षं मी याचीच वाट—"

माझं बोट क्रीममध्ये होतं. छातीला चिकटवलेल्या तारा, तारांच्या टोकाला यंत्र, यंत्रावर माझं हृदय, अशक्त, हट्टी.

बोट चादरीला पुसलं. खोका दूर ढकलला.

तोच हात. तीच हालचाल. इतकी वर्षं मरायला केली, आज जगायला. आणि बघणाऱ्याला काडीचा फरक दिसू नये.

बाबा वळला. त्याचा चेहरा पडला. "पुन्हा?"

"पुन्हा नाही. डोकं आहे का तुला? मला हवाय तो. हवाय म्हणून नको म्हणतेय." माझा आवाज चिरकला. मी दाराकडे तोंड करून ओरडले, "दीसा. माझं दही आण. ठरलंय तेवढं. एक चमचा कमी चालणार नाही."

दीसा दही घेऊन आली आणि समोर बसली, वाटी रिकामी होईपर्यंत बसते तशी.

"आणि तू," मी बाबाला म्हटलं, "हा खा. इथेच. कसा लागतो ते खरं सांगायचं."

तो खाऊ लागला. मिशीला क्रीम.

"बेकार आहे. पाव कोरडा."

"खरं सांग म्हटलं ना."

"छान आहे," तो रडत म्हणाला. "फार छान आहे."

दही आंबट होतं. माझ्या आतली किंचाळत होती, मी चमचा चाटत होते. तिच्यावर चिडून. बाबावर चिडून. वाटी इतकी लहान, त्यावर चिडून.

"ईस्टरपर्यंत मिळतात बेकरीत," दीसा म्हणाली.

"माहीत आहे. मी काय परगावची आहे?"

रिकामी वाटी मी तिच्या हातात आदळली आणि बाही वर केली.

"घे रक्त."