चौकोनांची हरकत

“आजी, तुमच्या हरकतीत नुसते चौकोन दिसतायत,” सुनावणी घेणारे साहेब स्क्रीनकडे बघून हसले. “पुढचं नाव घ्या.”

माझं डोकं फिरलं. किहीमच्या किनाऱ्यावर जायची आमची वाट बंगलेवाल्याने कुंपण घालून अडवली होती आणि सुनावणी आजच संपणार होती. त्याच वाटेने मी लहानपणी आईबरोबर खडकांवरची कालवं काढायला जायचे.

“मी उठणार नाही,” मी म्हणाले.

माझ्या सुनेने, नेत्राने, लॅपटॉपवर एक काळी विंडो उघडून त्यात कमांड टाइप केली आणि फाइल पुन्हा पाठवली.

“आई, फाइलमध्ये मराठी अक्षरांचा फॉन्टच नव्हता, म्हणून चौकोन दिसत होते. आता आत बसवलाय.”

साहेबांच्या स्क्रीनवर अक्षरं उमटली.

“वाचतो नंतर.”

“नंतर नाही. आत्ता, मोठ्याने. समोर बसलेल्या बंगलेवाल्यालाही ऐकू दे.”

साहेब वाचू लागले. पहिल्याच ओळीत माझ्या आईचं नाव होतं.