कागदावरचा काडीमोड

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं म्हणतात. पेइलाननं घरासाठी लग्नच मोडून पाहिलं. तेही रडत-भेकत नव्हे, नवऱ्याच्या हातात हात घालून, हसत हसत. नोंदणी कचेरीतून बाहेर पडल्यावर दोघांनी कोपऱ्यावर बदकाचं सूप घेतलं आणि योंगनं आपल्या वाटीतल्या शेवया नेहमीसारख्या तिच्या वाटीत ढकलल्या.

नानजिंगमध्ये त्या वर्षी असे काडीमोड पैशाला पासरी झाले होते. नावावर एक घर असेल तर दुसऱ्या घरासाठी अर्ध्याहून जास्त रक्कम रोख मोजावी लागे. नावावर काहीच नसेल तर बँक दारात येऊन कर्ज देई. दलालानं त्यावरची युक्ती दोन वाक्यांत सांगितली. नदीपलीकडचं मोठं घर नवऱ्याला द्या, म्हणजे बाई बेघर होतील. मग बाईंच्या नावावर शाळेसमोरचं घर घ्या.

"फक्त कागदावर हो, ताई," तो म्हणाला. "मुलीचं नाव शाळेत लागलं की पुन्हा लग्न करा. मिठाई तेवढी मला आणून द्या, विसरू नका."

काडीमोडाचा मजकूरही त्याच्याकडे तयार होता. "उभयतांची मनं पूर्णपणे तुटली असून ती पुन्हा जुळण्याची शक्यता नाही." तो उतरवून काढताना योंगला असं हसू आलं की एक अक्षर चुकलं आणि सगळा कागद पुन्हा लिहावा लागला.

"मनं तुटली म्हणे! सकाळी माझ्या ताटलीतलं अंडं कोणी पळवलं मग?" पेइलान म्हणाली.

"तुटलेल्या मनाला भूक फार लागते," तो म्हणाला.

त्याला चार वर्षं झाली. निंगनिंग तेव्हा चार वर्षांची होती, आता दुसरीत आहे. शहरातल्या पहिल्या तीन शाळांमध्ये जिचं नाव घेतात त्या शाळेत. तेव्हा पैसे वाया गेले असं कोणाला म्हणता येणार नाही. पेइलाननंही कधी तसं म्हटलं नाही.

घर मात्र बघवत नव्हतं. एकोणतीस चौरस मीटर, तिसरा मजला, लिफ्ट नाही, भिंतींना ओल, आणि स्वयंपाकाचा ओटा इतका अरुंद की भाजी चिरायची फळी ठेवली तर कढई जमिनीवर. या किमतीत नदीपलीकडे चार खोल्या आल्या असत्या. तळमजल्यावरच्या चू आजी या इमारतीतल्या शेवटच्या जुन्या रहिवासी. त्यांना हे कोडं कधी उलगडलं नाही.

"आमच्या गिरणीनं मला हे फुकट दिलं होतं," त्या जिन्याखाली भाजी निवडत म्हणायच्या. "तेव्हासुद्धा मी नाक मुरडलं होतं. तुम्ही काय बघता गं यात?"

"शाळा, आजी."

"शाळा समोर आहे. आत काय आहे ते विचारतेय."

यावर पेइलान हसून वर जायची.

त्या इमारतीत कोणी राहायला येत नसे, सहा वर्षं काढायला येत. मूल प्राथमिक शाळेतून सुटलं की घर पुढच्याला विकायचं आणि चालू पडायचं. त्यामुळे कोणी कोणाच्या ओळखीच्या भानगडीत पडत नसे. जिन्यात भेटणाऱ्या बायका एकमेकींना मुलांच्या तुकडीवरून हाक मारत. "काय हो, चौथी-दोनच्या आई, उद्या चित्रकलेचे रंग आणायचेत का?" पेइलान होती दुसरी-तीनची आई. तिचं स्वतःचं नाव त्या चार मजल्यांत कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि एक दिवस डाकेच्या पावतीवर सही करताना ती क्षणभर थबकली होती, हेही तिनं कोणाला सांगितलं नाही.

नोकरी तिनं सोडली होती. कारखान्याचं हिशेबखातं नदीपलीकडे, आणि शाळा सुटते साडेतीनला. दोन्हीकडे एका बाईला हजर राहता येत नाही. सकाळी पावणेआठला मुलीला रस्ता ओलांडून फाटकात सोडलं की साडेतीनपर्यंत तिला काही काम नसे. दहा वाजता शाळेच्या भोंग्यावर कवायतीचे आकडे सुरू होत. ती खिडकीत उभी राहून हजार-बाराशे निळ्या-पांढऱ्या गणवेशांत आपली मुलगी शोधायची. ती कधी सापडली नाही. आकडे थांबले की खोली एकदम गप्प व्हायची आणि पेइलान उगाच नळ सोडायची, काहीतरी वाजत राहावं म्हणून.

योंग शनिवारी यायचा. त्याची कचेरी आणि त्याची दुखणाईत आई तिकडेच, इथे पलंग एकच, शिवाय काडीमोड खरा की खोटा याच्या चौकशीला शाळेतून कोणीतरी येतं अशी आवई असायची. म्हणून पहिल्या वर्षी तो चोरासारखा यायचा आणि पेइलानला त्यातही गंमत वाटायची. दुसऱ्या वर्षी तो खारवलेलं बदक घेऊन यायचा, जेवायचा, मुलीची वही बघायचा आणि अंधार पडायच्या आत निघायचा. पुढे पुढे निंगनिंग त्याला बघून खुर्ची पुसून द्यायला लागली. पाहुण्यांना पाणी द्यावं तसं दोन्ही हातांनी पाणी द्यायला लागली. शाळेत रीतभात उत्तम शिकवत होते.

पुन्हा लग्नाचं तेवढं राहून जात होतं. आधी मुलीचं नाव लागू दे, मग पहिली तपासणी होऊ दे, मग योंगच्या आईचं ऑपरेशन. या वसंतात पेइलाननं कोणाला न विचारता लग्ननोंदणीच्या कचेरीची वेळ घेतली: गुरुवार, अकरा वाजता. फोनवर तो म्हणाला, "येतो. नाहीतरी तुला समोरासमोर भेटायचंच होतं." ते वाक्य तिनं आठवडाभर जिभेवर साखर ठेवावी तसं घोळवलं. फोटोला दोघांनाही पांढरा शर्ट लागतो म्हणून तिनं आपला काढून इस्त्री केला आणि त्याला संदेश पाठवला.

गुरुवारी चिनारांचा कापूस साऱ्या रस्त्यावर उडत होता. योंग शिंकत शिंकत आला. अंगात कचेरीचं काळं जॅकेट, हातात फाइल. ती बाकावर बसली होती, क्रमांक सत्तेचाळीस. समोर एक विशीतलं जोडपं आरशात बघून एकमेकांचे केस सारखे करत होतं.

"शर्ट?" तिनं विचारलं.

"आधी ऐक तर." तो शेजारी बसला. डोळे पाणावले होते, पण ते कापसानं. "माध्यमिक शाळेचं बघितलंस का? या भागातली मुलं लॉटरीनं कुठेही फेकली जातात. सहा वर्षांची मेहनत पाण्यात. पण पश्चिमेच्या भागात एक घर आहे, बत्तीस मीटर. तिथे थेट प्रवेश. मोठं घर आईच्या नावावर केलं की मी बेघर. एकटा, बेघर. तू होतीस तसा."

"म्हणजे लग्न नाही करायचं."

"आत्ता नाही करायचं. तीनचार वर्षांनी करू. करायचंच आहे गं, पळून का जातोय मी?" त्यानं फाइल उघडली. "आणि एक आहे. मुलीचं नाव त्या घराच्या नोंदवहीत तीन वर्षं आधी लागलेलं हवं. घर माझं, तर ताबा माझ्याकडे हवा. इथे तुझी सही. ती राहील तुझ्याचजवळ. हे फक्त कागदावर."

पेइलाननं कागद वाचला. मुलगी थान निंगनिंग हिचा ताबा आई सोडत असून तो वडिलांकडे देत आहे. आईला महिन्यातून दोनदा भेटता येईल. मजकूर छापील होता. त्याच दलालाचा असणार.

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. पण तिच्या शेजारी बसलेला तो काही लबाड माणूस नव्हता. त्यानं रात्रंदिवस आकडेमोड केली होती, लेकीसाठी. प्रत्येक आकडा बरोबर होता.

"योंग, घराचं राहू दे. एक सांग. तिकडे तुला आमच्याशिवाय करमतं?"

तो विचारात पडला. खोटं बोलायचा त्याचा स्वभावच नव्हता.

"सुरुवातीला नाही करमायचं," तो म्हणाला.

आपण काय बोललो हे त्याला कळलं नव्हतं. तो पेनाचं टोपण काढून धरून बसला होता.

"सत्तेचाळीस!" खिडकीतून हाक आली. "सत्तेचाळीस कोण? पुनर्विवाह?"

कोणी उठलं नाही. खिडकीतली बाई पुन्हा ओरडली, मग अठ्ठेचाळीस म्हणाली आणि समोरचं जोडपं धावत गेलं.

"मी सही करणार नाही," पेइलान म्हणाली. "तिला लॉटरीत जी शाळा लागेल ती लागेल."

"अगं, पण मग हे सगळं कशासाठी केलं आपण? वेडी आहेस का? फक्त का—"

"म्हणू नकोस ते. मागच्या खेपेला तू गेलास. सवय होते रे, योंग. तुला झाली. तिलाही होईल, ती लहान आहे. मला नाही होत."

त्यानं पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, "निदान जेवून तरी जाऊ." ती नको म्हणाली. त्यानं फार आग्रह केला नाही. दोनला त्याची बैठक होती.

ती चालतच परत आली. शाळेच्या फाटकाशी पोचली तेव्हा एकही आई आलेली नव्हती. पालकांसाठी रस्त्यावर आखलेल्या पिवळ्या रेषेवर ती अगदी पुढे जाऊन उभी राहिली. आतून कुठल्यातरी वर्गाचा एका सुरात पाढे म्हणण्याचा आवाज येत होता. म्हातारा पहारेकरी खुर्चीवरून उठून जवळ आला.

"ताई, साडेतीनला सुटते शाळा. आत्ता कुठे एक वाजतोय."

"माहीत आहे."

त्याला तिची दया आली असावी. "घर लांब आहे वाटतं तुमचं? जाऊन-येऊन परवडत नसेल."

"नाही हो," ती म्हणाली. "हे काय, समोरच आहे."

पहारेकऱ्यानं वळून समोरची इमारत पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं, आणि आपली खुर्ची उचलून तिच्यासाठी सावलीत आणून ठेवली.