कारागीर अज्ञात

अग्निया ल्वोव्ना संग्रहालयात नवी होती, तेव्हा नदीपलीकडच्या गावातून तिने येव्लाम्पियाची सूत कातायची फळी आणली होती. लाल घोडे रंगवलेली, उंच, लाकडी. "दोन महिन्यांचं प्रदर्शन आहे, मावशी. मग आणून देते." पण फळीची नोंद झाली, तिला नंबर पडला, आणि नंबर पडलेली वस्तू बाहेर जात नाही. हे सांगायला अग्निया कधी गावी गेली नाही. एकतीस वर्षं लोटली.

मार्चमध्ये, नदीवरचा बर्फ चालण्याजोगा होता तोवर, म्हातारी येव्लाम्पिया स्वतःच संग्रहालयात आली. हातात पिरोग, माशाचं सारण भरून घरी भाजलेला पाव, फडक्यात बांधलेला.

"घाबरू नकोस, मागायला नाही आले. या बोटांनी आता काय कातणार? नुसती बघते."

फळीच्या काचेच्या कपाटापुढे ती बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "खाली काय लिहिलंय? मला दिसत नाही."

"कातायची फळी. कारागीर अज्ञात."

"अज्ञात म्हणजे?"

"कोणी केली ते माहीत नाही."

"तुला माहीत नाही. माझ्या नवऱ्याने केली, साव्वातीने. लग्नाआधीच्या हिवाळ्यात. त्या घोड्याला पाच पाय झालेत बघ. मी हसले, तर चार दिवस बोलला नाही."

"तेव्हा सांगितलं नाहीत, मावशी."

"तू विचारलंस कुठे? तुला बस गाठायची होती."

अग्नियाने मान खाली घालून नाव लिहून घेतलं.

"एकदा हात लावू देशील?"

"तसा नियम नाही."

"बरं," म्हातारी म्हणाली, आणि पिरोग टेबलावर ठेवून गेली.

पाटी बदलायची तर वरून मंजुरी लागते. ती जूनमध्ये आली. अग्नियाने त्याच दिवशी नवी पाटी लावली, तिचा फोटो काढला आणि होडीने पलीकडे गेली. येव्लाम्पियाच्या दाराला बाहेरून काठी आडवी लावलेली होती.

"मे महिन्यातच गेली," शेजारीण म्हणाली. "तुमचं फार कौतुक करायची. म्हणायची, बाई चांगली आहे, आमच्या साव्वातीचं नाव लिहून घेतलं तिने."

म्हातारीने हात लावू का विचारलं, त्या दिवशी काचेच्या कपाटाची किल्ली अग्नियाच्या खिशातच होती. ते तिने शेजारणीला सांगितलं नाही. फोटो तिच्या हातात दिला, पुढे केलेला चहा उभ्याउभ्याच घेतला, आणि परतीच्या होडीला अवकाश होता तरी धक्क्यावर जाऊन बसली.