तळाचं अस्वल

मी बोलतेय. पूर्वी पालकाच्या भाजीखाली असायचे. चमच्याने ती जरा बाजूला सारली की दिसायचे. मी एक ताटली. माझ्या तळाशी अस्वलाचं तोंड आहे. कारखान्यात ज्या बाईने ते रंगवलं, तिला घरी जायची घाई होती. त्यामुळे हसू वाकडं झालं आणि एका बाजूला दात जरा जास्तच आले.

एका तरुण आईने मला लेकीसाठी आणलं. लेकीला घरात चिमणी म्हणायचे, आणि तिचं खाणंही तेवढंच. आई शिकलेली. मुलांच्या आहारावरची पुस्तकं उशाशी घेऊन झोपणारी. 'जबरदस्ती करू नका' या वाक्याखाली तिने पेन्सिलने रेघही मारली होती. मग एके सकाळी उकडलेला भोपळा भिंतीवर जाऊन आपटला, आणि पुस्तक राहिलं उशाशी.

"चिमणे, खा पटकन. नाहीतर अस्वल खाईल हं!"

"त्याला भूक लागलीय?"

"मग! कधीची."

"आणि भाजी संपली की काय खाईल?"

"न जेवणाऱ्या मुली," आई हसत म्हणाली.

खरं सांगते, तोवर भूक म्हणजे काय, मला ठाऊक नव्हतं. चिनीमातीला कसली आलीय भूक? पण रोज, दोन्ही वेळा, तेच कानावर यायचं. आई एवढ्या खात्रीने बोलते, तेव्हा फक्त मूलच ऐकतं असं नाही.

एकदा आई पाणी आणायला वळली. चिमणीने चमचा माझ्या रंगवलेल्या तोंडाला टेकवला. "खा," ती कुजबुजली. "सगळं खा. पण मला नको खाऊस."

मी खाल्लं. गाजर होतं. गोड लागलं.

त्यानंतर मी रोज लख्ख. आईने बहिणीला फोन केला, "अगं, युक्ती लागू पडली! मला वाटतं तेवढी काही मी वाईट आई नाहीये." इकडे चिमणीचा फ्रॉक मात्र खांद्यावरून घसरायला लागला. डॉक्टरीणबाईंनी वजन पाहून विचारलं, "नीट जेवते ना?"

"चाटूनपुसून," आई म्हणाली, आणि तिचा आवाज मध्येच बारीक झाला.

त्या दिवशी घरी आल्यावर ती पाणी आणायला वळली खरी, पण दाराआड थांबली. तिने चमचा माझ्याकडे येताना पाहिला. एकेक मटार नाहीसा होताना पाहिला.

ती ओरडली नाही. चिमणीला घट्ट मांडीवर घेऊन तिच्या कानात काहीतरी म्हणाली. मग उरलेल्या मटारांतला एक स्वतःच्या तोंडात टाकला. एक चिमणीने खाल्ला, अगदी सावकाश.

"आई, ते बघतंय."

"बघू दे."

आता दोघी शेजारी बसून जेवतात. चिमणी कधी अर्धं टाकते. आई ओठ चावते, पण बोलत नाही. फ्रॉक पुन्हा अंगाबरोबर बसतो म्हणे.

मी वरच्या फळीवर, पालथी. फळीवरचा कागद संपवला. काल शेजारच्या कपाचा कान चाखून पाहिला.

आईबाबांनो, तुम्ही मुलांजवळ बसून जेवा. भाजीसोबत भीती वाढू नका. आणि त्या आईला कुणीतरी सांगा, चिमणीच्या कानात जे म्हणालीस, ते मला ऐकू आलं नाही. बहुधा अस्वलाला भूक नसते, असंच काहीसं असावं. ते एकदा मलाही सांग. खात्रीने. रोज, दोन्ही वेळा.

लवकर सांग. फळीवर आता एकच कप उरलाय.