गप्प थाळी

थाळीवर अंड्याचा बलक वाळून चिकटला होता. शेजारी कवचाचे तुकडे, मिठाचे खडे आणि चहाच्या कपाचा गोल डाग. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून चौदा दिवसांनी मी वखारीत परतले, तर नव्या डोळ्याला पहिलं दर्शन हे. डॉक्टर म्हणाले होते, आता सगळं लख्ख दिसेल. दिसलं.

ही थाळी जेवायची नव्हे. आमच्या वखारीत ओंडका चिरण्याआधी त्यात खिळा, तार, जुनं लोखंड अडकलंय का ते मशीनने तपासतात. त्या मशीनच्या दांड्याला खाली जी गोल, चपटी कॉइल असते तिला आम्ही थाळी म्हणतो. ती ओंडक्यावरून फिरवायची. आत लोखंड असलं की मशीन ओरडतं. नाही ओरडलं तर ओंडका 'गप्प'. मग त्यावर खडूने बरोबरची खूण करायची आणि तो करवतीवर पाठवायचा. अकरा वर्षं मी हेच करते आहे.

करवतीवर माझा थोरला भाऊ असतो. बारा वर्षांपूर्वी, मशीन नव्हतं तेव्हा, एका खिळ्यावर पातं तुटलं आणि दादाचा अर्धा कान घेऊन गेलं. चार बोटं खाली लागलं असतं तर गळा गेला असता. त्यानंतर मालकांनी मशीन आणलं आणि दादाने एक नियम केला. ज्याने खूण केली त्याने पहिल्या कापाला करवतवाल्याच्या शेजारी उभं राहायचं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण अकरा वर्षांत मी एकदाही मोडलेला नाही. माणूस शेजारी उभा राहणार असला की थाळी आपोआप सावकाश फिरते.

"मावशी, आलात? कसा आहे डोळा?" मागून जावईबापू आले. हे मालकांचे जावई. सासऱ्यांच्या धंद्यात लक्ष घालायला आले आणि ते लक्ष आजवर कोणाला सापडलेलं नाही. मी नसताना मशीन यांच्या हातात होतं.

"हे काय आहे?" मी थाळीकडे बोट दाखवलं.

"नवी आणली. तुमची होती बशीएवढी, ही बघा. एका फेरीत अर्धा ओंडका उरकतो."

"मी अंड्याचं विचारते आहे."

ते हसले. "थाळीच ना ती? मग त्यात काय?"

मला किळस आली. एक तर ही जागा म्हणजे धार लावायची खोली. पात्यांना धार लावताना उडालेली लोखंडाची भुकटी इथे टेबलावर, खिडकीवर, माणसाच्या भुवयांवर बसते. त्या भुकटीत मशीन आडवं टाकून हा गृहस्थ रोज दुपारी थाळीवर अंडी सोलत होता. बोटं कुठे पुसत होता तेही दिसलं. माझी जुनी लहान थाळी मी मऊ सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवून गेले होते. ते कापड आता टेबलाच्या कडेला पिवळं, ताठ होऊन लोंबत होतं. थाळी बाकाखाली पडलेली, तिच्या वायरीला गाठ.

आणि निवड तरी कसली? मोठी थाळी जमिनीत खोल पुरलेला हंडा शोधायला ठीक. आम्हाला शोधायचा असतो बोटभर खिळा, सालीखाली दडलेला. तो मोठ्या थाळीला लागतच नाही, आणि लागला तरी नेमका कुठे ते कळत नाही. नाक शिंकरायला चादर घ्यावी तसा प्रकार. हे सांगायला मी तोंड उघडलं तेवढ्यात बाहेर करवत सुरू झाली.

मी मशीन उचलून बाहेर धावले, मागोमाग जावईबापू. दादाने एक जाडजूड ओंडका करवतीच्या सरकत्या गाड्यावर चढवला होता. कुठल्या तरी अंगणाच्या कडेचं जुनं झाड. अशा झाडांना लोक पाट्या ठोकतात, तारा बांधतात, दोऱ्या अडकवतात. अकरा वर्षांत असं झाड गप्प निघालेलं मला आठवत नाही. ह्याच्यावर बरोबरची भलीमोठी खूण होती.

"दादा, बंद कर."

त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी जाऊन लाल बटण दाबलं. पातं गरगरत थांबलं.

माझ्या खिशात कायम एक खिळा असतो. काम सुरू करण्याआधी तो थाळीसमोर धरायचा, मशीन जागं आहे ना बघायला. मी तो धरला. मशीन गप्प. थाळीला टेकवला. तरी गप्प.

मशीनवर एक बटण असतं, त्याचे कान किती तिखट ठेवायचे ते ठरवणारं. ते पार शून्याला टेकलं होतं. मी ते वर नेलं आणि मशीन हवेतच किंचाळायला लागलं. ओंडका नाही, खिळा नाही, नुसतं हलवलं की बोंब. मी बंद करून थाळीच्या तळाचं प्लॅस्टिकचं झाकण नखाने उचकटलं. माझ्या थाळीचं मी दर शनिवारी काढून पुसते, कारण त्यात चिमूटभर लोखंड गेलं तरी थाळी भ्रमिष्टासारखी बडबडते. आत चिमूटभर नव्हतं. करडी भुकटी, भुसा आणि अंड्याचा चिकटा मिळून एक ओलसर लगदा झाला होता आणि त्यात मुंग्या मरून पडल्या होत्या. वास नाकात गेला. मी तोंडावर पदर धरला.

"चौदा दिवस या घाणीच्या भरवशावर माणसं करवतीसमोर उभी केलीत?" मी जावईबापूंना म्हणाले. "आणि ही ओरडू नये म्हणून बटण खाली केलंत?"

"बटणाला मी हात लावलेला नाही," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी फार बोंबलत होतं. दुसऱ्या दिवशी आपोआप सुधारलं."

आपोआप. मी बटण डोळ्यांजवळ नेलं. त्यावर काळ्या तेलाचा अंगठा उमटला होता. ते तेल पात्याच्या चाकांचं. वखारीत एकाच माणसाच्या हाताला ते कायम असतं.

दादा जमिनीकडे बघत होता.

अंड्याची किळस तिथेच विसरले. सख्ख्या भावाची आली. त्या कानासाठी मी अकरा वर्षं डोळ्यांत तेल घालून थाळी फिरवली आणि ह्याने अंगठ्याने तिचं तोंड दाबलं.

"का?"

"सगळ्याच ओंडक्यांवर ओरडत होती," दादा हळूच म्हणाला. "दिवसभर एक फळी निघाली नाही. मालक म्हणाले, तुझ्याच्याने होत नसेल तर दुसरा करवतवाला बघतो. म्हटलं, तू येईपर्यंत ढकलू."

बोलले असते तर शिवीच आली असती. लहान थाळी आणून पुसली, मोठीच्या जागी लावली, वायरीची गाठ सोडवली आणि वायर दांड्याभोवती नीट आवळली. सैल वायर हलली तरी थाळी खोटं बोलते. मग ओंडक्याच्या एका टोकापासून सुरुवात केली, सालीला जवळजवळ टेकवून.

कापाच्या रेषेवरच ती ओरडली. एकदा, आणि वीतभर पुढे पुन्हा. दादाने छिन्नीने खोदलं. दोन खिळे आणि गंजलेल्या तारेचा वेढा निघाला. जावईबापूंना अचानक आत काहीतरी काम आठवलं.

"चौदा दिवस शेजारी कोण उभं राहत होतं?" मी विचारलं. "जावईबापू?"

"कोणी नाही."

"नियम तुझाच होता ना? खूण करणाऱ्याने उभं राहायचं."

"बटण मी खाली केलेलं," दादा म्हणाला. "मग दुसऱ्या कोणाला कसं उभं करू? सगळ्यांना लांब पाठवायचो."

खिळे त्याच्या तेलकट तळहातावर तसेच होते. म्हणजे ह्याला सगळं माहीत होतं. प्रत्येक ओंडक्याच्या वेळी माहीत होतं. मला त्याची इतकी चीड आली की डोळा चुरचुरायला लागला, आणि डॉक्टरांनी चोळायला बंदी केलेली.

"हात धू आधी," मी म्हणाले. "बघवत नाही."

तो धुऊन आला. मी जावईबापूंची खूण ओल्या फडक्याने पुसली, ओंडका पुन्हा दोनदा तपासला आणि माझी खूण केली. मग जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले, नेहमीच्या जागी, अर्ध्या कानाच्या बाजूला.

"आज मागे हो जरा," तो म्हणाला. "मोठ्या थाळीखालून गेलेला ओंडका आहे."

"चालू कर."

पातं लाकडाला लागलं. माझ्या बोटांना अजून त्या लगद्याचा वास येत होता. मी जागची हलले नाही.