फटफटीच्या डोक्यातलं पाणी

आमचे हे भारी देवभोळे. नालवाडीत तेव्हा फटफट्या बोटावर मोजण्याइतक्या, आणि त्यातली एक, जुनी का होईना, आमच्या दारात. तिची दसऱ्याची पूजा म्हणजे सोहळाच. हळदीकुंकू, झेंडूची माळ, शेवटी नारळ. लोक नारळ फोडतात आणि पाणी चाकापुढे शिंपडतात. यांचं तेवढ्यावर भागत नसे. हे सगळं पाणी पुढच्या दिव्यावर ओतायचे, महादेवाला अभिषेक करावा तसं, सावकाश, डोळे मिटून.

आणि दसरा झाला की गाडी रुसायची. हॉर्न मुका, दिवा आंधळा, किक मारून मारून यांचा पाय सुजायचा. मेकॅनिक काहीतरी घासून दिवाळीपर्यंत तिला कशीबशी चालू करून द्यायचा. त्र्याऐंशी साली मात्र त्यानंही हात टेकले. हे चिडले आणि बोरगावच्या कवडूला ती विकायचा शब्द देऊन बसले, की पाडव्याला ये, मुहूर्त चांगला आहे, गाडी घेऊन जा.

मला कुणी विचारलं नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊबीज, आणि भाऊबिजेला मी त्याच गाडीवर बसून अल्लीपूरला माहेरी जायचे. एसटीनंही जाता येतं, गर्दीत करंज्यांचा चुरा करत. पण भावाच्या दारात फटफटीवरून उतरणं वेगळं. सगळी आळी बाहेर यायची. मला ते फार आवडायचं, आणि यात लाजायचं काय ते मला अजून कळलेलं नाही.

पाडव्याला यांना ओवाळलं, जेवू घातलं, आणि हे घोरायला लागताच मी पेचकस घेऊन अंगणात बसले. आधी बॅटरीची वायर सोडायची, एवढं मेकॅनिकचं पाहून ठाऊक होतं. मग दिव्याची काच चौकटीसकट काढली. आत हॉर्नच्या, किल्लीच्या, साऱ्या गाडीच्या वायरींचा गुंता, आणि वायरींच्या प्रत्येक पितळी जोडावर हिरवा थर. तो रंग माझ्या ओळखीचा. चिंचेचं सार पितळेच्या भांड्यात राहिलं की असाच हिरवा चढतो. तळाशी चिकट डाग, ओलं होऊन वाळलेलं कुंकू आणि नारळाच्या शेंडीचे धागे. मला हसूच फुटलं. इतकी वर्षं आमचे हे गाडीच्या डोक्यात तीर्थ भरत होते.

वायरींचे रंग उडालेले, म्हणून सगळ्या एकदम सोडल्या नाहीत. एक जोड सोडायचा, काचपेपरनं पिवळा दिसेपर्यंत घासायचा, तो ज्या नळीत बसतो ती खराट्याच्या काडीला काचपेपर गुंडाळून आतून घासायची, पेट्रोलच्या चिंधीनं पुसून, वाळवून परत बसवायचा. वरून थोडं व्हॅसलीन, पुन्हा पाणी धरू नये म्हणून. मगच दुसरा. एरवी भांडी घासायची म्हटली की माझ्या कपाळावर आठ्या. त्या दुपारी मात्र मी चक्क गुणगुणत होते.

"काय करून राह्यली वं?" हे दारात उभे.

"तुमच्या देवाचं तोंड पुसून राह्यली." मी शेंडीचे धागे त्यांच्या तळहातावर ठेवले.

त्यांनी एक धागा उचलून उन्हात धरला. "म्हंजे हे मीच..."

"तुमीच. पूजा करा, पन चाकाची करा."

ते खाली बसले आणि मी पेच आवळेपर्यंत चौकट धरून राहिले. बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. पहिली किक फुकट गेली. दुसरीला गाडी धडाडली, दिवा लागला, आणि हॉर्न असा केकाटला की शेजारची कुत्री भुंकायला लागली. हे हॉर्नवरचं बोट उचलेनात. मीही उचला म्हटलं नाही.

तेवढ्यात कवडू फाटकातून आत आला. "वा, रूपरावजी. मले वाटलं ढकलत न्या लागते. द्या चाबी."

आमचे हे शब्दाचे पक्के. दिलेला शब्द यांनी कधी मागे घेतल्याचं मला आठवत नाही, आणि हा तर सणाचा दिवस.

यांनी गाडी बंद केली आणि किल्ली काढली. "कवडू, मी तुले माही गाडी देतो म्हनलं होतं."

"हो नं."

"माही गाडी त मेली होती, भाऊ. इनं जित्ती केली. आता हे गाडी इची हाय. तिलेच विचार." आणि किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली.

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण या घरातली एखादी वस्तू माझी आहे असं चारचौघांत कुणी म्हटलं नव्हतं.

कवडू माझ्याकडे पाहत होता. "काय म्हनता, देवकावहिनी?"

"चिवडा खाऊन जाजा, भाऊजी," मी म्हटलं, आणि किल्ली पदराच्या गाठीला बांधली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात आम्ही अल्लीपूरला निघालो. दिवा लागलेलाच होता.

"बंद करू काय?" यांनी मान वळवून मला विचारलं.

"राहू द्या," मी म्हटलं.